कंपनीच्या मुलखापुरता आर्चडीकन

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजसत्तेने पोपची सत्ता झुगारली, परंतु बिशपांची परंपरा मोडली नाही, आणि त्यातून आज अँग्लिकन म्हणून ओळखली जाणारी ख्रिस्ती संस्था आकाराला आली. तिच्यात बिशपाच्या अधिकाराखालील प्रदेशाला धर्मप्रांत म्हणतात आणि दीक्षेच्या पायऱ्या तीन मानतात: सेवेचा अधिकार असलेला डीकन, प्रभुभोजनाचा विधी चालवणारा प्रीस्ट आणि इतरांना दीक्षा देणारा बिशप. आर्चडीकन ही यांतली चौथी पायरी नाही. दीक्षेने तो सामान्यतः प्रीस्टच असतो, मात्र पदाने तो बिशपाचा कारभारी असतो आणि त्याच्या नावाआधी 'व्हेनरेबल' ही आदराची उपाधी लावली जाते. साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यकारभारात मुख्य अधिकाऱ्याच्या वतीने शिक्का चालवणारा मुतालिक असे, त्याच्याशी या पदाचे नाते बरेच जुळते, कारण दोघांचाही अधिकार उसना असे आणि रोजचे काम मात्र दोघांच्याच हातून होई. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या इतिहासात या पदाची जी छाया पडली आहे ती अरुंद आणि विलक्षण आहे. ती कुठे पडली आणि कुठे पडली नाही हे पाहिले, की या भागातील ख्रिस्ती समाजाची घडण समजण्यास मोठी मदत होते.

पदाचा मूळ इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. आरंभीच्या शतकांत बिशपाच्या हाताखालील डीकनांपैकी प्रमुख तो आर्चडीकन असे आणि गरिबांसाठीचे दान व चर्चची मालमत्ता यांची व्यवस्था त्याच्याकडे असे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथील धर्मप्रांतांची पोटविभागणी झाली आणि प्रत्येक विभागावर एक आर्चडीकन नेमला जाऊ लागला. तो गावोगाव फिरून चर्चच्या इमारती, दफनभूमी, विधीची भांडी आणि वस्त्रे तपासत असे, नव्या पाळकाला त्याच्या चर्चचा प्रत्यक्ष ताबा देत असे, मंडळीच्या वतीने मालमत्तेची देखभाल करणाऱ्या चर्चवॉर्डन नावाच्या बिगरदीक्षित कारभाऱ्यांना पदावर रुजू करून घेत असे, दीक्षेच्या उमेदवारांना पारखून बिशपापुढे उभे करत असे, आणि शिवाय स्वतःचे न्यायालयही चालवत असे. या न्यायालयातील दंडामुळे मध्ययुगात आर्चडीकन इतका अप्रिय झाला होता की त्याला मोक्ष मिळणे शक्य आहे काय, असा प्रश्न विद्वान पंडित अर्धवट थट्टेने चर्चेला घेत. पुढे न्यायालये निष्प्रभ झाली आणि इमारती, हिशेब व माणसे यांची तपासणी तेवढी उरली. भारतात जे पद आले ते या उत्तरकालीन रूपातले.

अर्थात भारताला आर्चडीकन हे पद इंग्रजांनी दाखवले असे मानणे चुकीचे ठरेल. मलबारच्या सेंट टॉमस ख्रिस्ती समाजात पश्चिम आशियातून येणारा बिशप बहुधा परका आणि अनेकदा अल्पकाळचा असे, त्यामुळे समाजाचे खरे पुढारीपण स्थानिक घराण्यातील आर्चडीकनाकडे असे. गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेत हा समाज रोमच्या आज्ञेखाली आणला तेव्हा या पदाचा जोर ओसरू लागला, आणि ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टानचेरीच्या वाकड्या क्रुसाजवळ पोर्तुगीज धर्मसत्तेविरुद्ध शपथ घेणाऱ्या जमावाचा नेता आर्चडीकन टॉमसच होता. त्या परंपरेत आर्चडीकन हा आपल्या माणसांचा प्रमुख होता. कंपनीच्या राज्यात आलेला आर्चडीकन या कसोटीवर अगदी वेगळा होता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्यास एक बिशप आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई या प्रत्येक इलाख्यास एक आर्चडीकन मंजूर केला. बिशपाचा वार्षिक पगार ५,००० पौंड आणि आर्चडीकनाचा २,००० पौंड ठरला, व तो भारताच्या महसुलातून द्यावयाचा होता. पहिले बिशप टॉमस फॅनशॉ मिडलटन १८१४ मध्ये नेमले गेले आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजचे फेलो जॉर्ज बार्न्स यांची मुंबईच्या आर्चडीकनपदी नेमणूक झाली. कलकत्त्याच्या या धर्मप्रांताचा विस्तार इतका अवाढव्य होता की पुढे १८२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्ससुद्धा त्याचीच एक आर्चडीकनरी, म्हणजे आर्चडीकनाचा हद्दविभाग, म्हणून त्याला जोडण्यात आले. अशा व्यवस्थेत मुंबई इलाख्यातील पाद्र्यांना बिशपाचे दर्शन दुर्मिळ होते. मिडलटन १८१६ मध्ये मुंबईस आले आणि १७१८ च्या नाताळात उघडलेल्या, म्हणजे जवळपास शंभर वर्षे वापरात असलेल्या सेंट टॉमस चर्चला त्यांनी विधिपूर्वक अभिषेक केला. एरवी मुंबईत बिशपाचा रोजचा कारभार आर्चडीकनच पाहत असे, मात्र दीक्षा देणे त्याच्या अधिकारात नव्हते. १८२२ ते १८३१ या नऊ वर्षांत मिडलटन, हेबर, जेम्स आणि टर्नर असे कलकत्त्याचे चार बिशप एकामागून एक मृत्यू पावले, आणि समुद्रमार्गाने नवा बिशप येईपर्यंतच्या दीर्घ मध्यंतरांत धर्मप्रांताची सूत्रे आर्चडीकनांच्या हातीच राहिली.

बार्न्स यांचे नाव आज टिकले आहे ते धर्मकारभारामुळे नव्हे. १८१५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. गोऱ्या शिपायांची व मिश्र वंशाची अनाथ आणि गरीब मुले शिकवणे हा तिचा मूळ हेतू होता. तिच्या शाळा भायखळ्यात दीर्घकाळ चालल्या आणि १९२५ मध्ये देवळालीस हलून बार्न्स हायस्कूल झाल्या. या हेतूतच त्या काळच्या आर्चडीकनपदाची मर्यादा दिसते, कारण त्याच्या काळजीचा विषय कंपनीचे नोकर, त्यांची कुटुंबे आणि त्यांची पोरकी मुले हाच होता. मिडलटन यांना तर भारतीय माणसाला दीक्षा देण्याचा अधिकार आपल्या राजपत्राने मिळतो की नाही याचीच शंका होती. ती शंका १८२३ च्या कायद्याने दूर झाली आणि त्यानंतरच हेबर यांनी भारतीयांना दीक्षा दिली.

१८३३ च्या सनदी कायद्याने मद्रास आणि मुंबई यांना स्वतंत्र बिशप मिळाले. मुंबईचे पहिले बिशप म्हणून १८३७ मध्ये ज्यांची नेमणूक झाली ते टॉमस कार त्यापूर्वी मुंबईचेच आर्चडीकन होते, आणि सेंट टॉमस चर्चला कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपाच्या आसनाच्या चर्चचा, दर्जा मिळाला. आता आर्चडीकन बिशपाच्या शेजारीच राहू लागला, तरी त्याचे महत्त्व घटले नाही. इलाख्यातील सरकारी पाद्र्यांचे, ज्यांना चॅप्लेन म्हणत, एक स्वतंत्र खातेच होते; त्यांचा पगार, बढती आणि निवृत्तिवेतन सरकारी नियमांनी चाले, बदल्यांत गव्हर्नराचा शब्द असे आणि धर्मशिस्त मात्र बिशपाची असे. या दोन धन्यांच्या मध्ये उभा राहणारा, स्वतःही सरकारी पगार घेणारा अधिकारी म्हणजे आर्चडीकन. स्वभावाने स्वतंत्र असलेले लोकही या पदावर आले. आर्चडीकन हेन्री जेफ्रीज यांनी दारूबंदीचा हिरिरीने पुरस्कार केला आणि इंग्रजी राज्याबरोबर येणाऱ्या मद्यपानाने ख्रिस्ती धर्माचीच बदनामी होते असे बजावले, तेव्हा त्यांची मते इंग्लंड-अमेरिकेतील दारूबंदीवाल्यांनी आपल्या पत्रकांतून वारंवार उद्धृत केली.

या चौकटीत सातारा कोठे बसत होता? १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि दरबारी जेम्स ग्रँट डफ यांना ठेवले. साताऱ्यात इंग्रजी फौजेची छावणी होती, परंतु भोवतालचा मुलूख छत्रपतींचा होता. महाबळेश्वरचा प्रकार निराळा. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२९ मध्ये, वाईजवळचे खंडाळा गाव महाराजांना देऊन त्या मोबदल्यात हे पठार कंपनीने घेतले आणि तेथील वसाहतीला माल्कमपेठ हे नाव पडले. म्हणजे डोंगरावर कंपनीचा अंमल आणि पायथ्याशी राजाचा, अशी स्थिती १८४८ पर्यंत राहिली. या डोंगरावरचे क्राइस्ट चर्च बिशप कार यांनी १८४२ मध्ये अभिषेक करून खुले केले तेव्हा प्रतापसिंहांना पदच्युत करून तीन वर्षे झाली होती आणि गादीवर त्यांचे बंधू आप्पासाहेब होते. पुढे १८६७ मध्ये हे चर्च वाढवण्यात आले. जिल्ह्यातील अँग्लिकन व्यवस्थेचे हे सर्वांत ठळक ठिकाण खुद्द सातारा शहरात नसून थंड हवेच्या ठिकाणी असावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. धर्मकारभाराची सोय तेथे गेली जेथे उन्हाळ्यात गव्हर्नर, सेक्रेटरी आणि आजारी लष्करी अधिकारी जात.

अशा चर्चच्या बाबतीत आर्चडीकनाचे काम नेमके काय असे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. अभिषेक झालेली वास्तू किंवा जमीन ही त्यानंतर ऐहिक वापरासाठी देता येत नाही, अशी अँग्लिकन समजूत असल्यामुळे तिच्या चतुःसीमा, तिच्यावरील बांधकाम आणि तिच्यातील वस्तू यांची नोंद ठेवावी लागे. वेदीवरील चांदीचा पेला व ताटली, बाप्तिस्म्याचे पात्र, प्रार्थनापुस्तके, घंटा, बाके यांची यादी जुळते की नाही हे पाहावे लागे. महाबळेश्वरात तर पावसाळ्यात वर्षाकाठी २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यापूर्वी घरांच्या भिंती गवताच्या जाड पडद्यांनी झाकण्याची पद्धत होती. अशा हवेत छप्पर, लाकूडकाम आणि पुस्तके टिकवणे ही श्रद्धेपेक्षा देखभालीची बाब होती. इमारत बहुधा सरकारी, तेव्हा दुरुस्तीचा खर्च बांधकाम खात्याकडे मागायचा, आणि मागणी रास्त आहे हे वरच्या धर्माधिकाऱ्याने सांगायचे, असा तो व्यवहार. इंग्लंडातला आर्चडीकन गावकऱ्यांच्या वर्गणीचा हिशेब पाही. येथला सरकारी तिजोरीच्या दारात उभा राही.

दुसरे काम दप्तराचे. प्रत्येक चॅप्लेनाने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या ठेवायच्या आणि त्यांच्या नकला मुंबईस धर्मकारभाराच्या रजिस्ट्रारकडे पाठवायच्या. तेथून त्या एकत्र बांधून लंडनला कंपनीच्या, आणि १८५८ नंतर इंडिया ऑफिसच्या, दप्तरात जात. मुंबई इलाख्याची अशी नक्कलबुके १७०९ पासून १९४८ पर्यंतची असून ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दफनाच्या नोंदीत मृताचे नाव, वय, हुद्दा किंवा धंदा, मृत्यूची आणि दफनाची तारीख, आणि विधी करणाऱ्याची सही असे; नोंद एका ओळीची, परंतु साताऱ्याच्या छावणीत पटकीने गेलेला शिपाई आणि प्रसूतीत गेलेली अधिकाऱ्याची पत्नी यांचा इतका नेमका पुरावा अन्यत्र क्वचितच मिळेल. मोठ्यांची गोष्ट वेगळी. मुंबईचे सरसेनापती आणि तात्पुरते गव्हर्नर सर टॉमस सिडनी बेकविथ १५ जानेवारी १८३१ रोजी महाबळेश्वरी वारले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दगडी स्तंभ उभा राहिला.

या सर्व नोंदींत मराठी ख्रिस्ती माणूस मात्र जवळजवळ दिसत नाही, कारण तो या खात्याच्या कक्षेत जन्मलाच नव्हता. ज्या १८१३ साली लंडनच्या पार्लमेंटने मुंबईस आर्चडीकन मंजूर केला, त्याच वर्षी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. हे मिशन काँग्रिगेशनल पंथाचे होते. या पंथात बिशपही नसतो आणि आर्चडीकनही नसतो, कारण प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक आणि आपला कारभार स्वतः ठरवते. याच मिशनच्या श्रीमती ग्रेव्हज यांनी १८३४ मध्ये महाबळेश्वरी मुलींची शाळा उघडली, म्हणजे क्राइस्ट चर्चला अभिषेक होण्याच्या आठ वर्षे आधी. आणि १८४९ मध्ये, सातारचे राज्य खालसा होताच, मिशनचे कायमचे ठाणे सातारा शहरात आले. सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर करणारे एबेनेझर बर्जेस याच मिशनचे, आणि तेही काही काळ साताऱ्यात होते. नारायण वामन टिळक यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, 'देवाचा दरबार' काढला तो साताऱ्यातच, आणि त्याची कल्पना तर अशी होती की बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत. इमारतीच्या यादीवर आणि पदांच्या उतरंडीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेशी याहून दूरची कल्पना सुचणे कठीण.

सांगलीकडे तर आर्चडीकनाच्या सरकारी कक्षेला हद्दच आड येत होती. १८०१ पासून पटवर्धनांची राजधानी असलेली सांगली, तसेच मिरज, ही दक्षिण मराठा मुलखातील संस्थाने होती; तेथे इंग्रजी जिल्हाधिकारी नाही, त्यामुळे मुलकी ठाण्याचा चॅप्लेन नाही आणि त्याच्या मागोमाग येणारी सरकारी इमारतही नाही. या पोकळीत शिरले ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन. रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात जे मिशन सुरू केले, ते १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले, १८८४ मध्ये सांगलीत त्यांचे ठाणे झाले, डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये सांगलीत आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत पाळक आणि निवडलेले वडील यांच्या सभा क्रमाने वरवर जातात, आणि आर्चडीकनाने एकट्याने करायची तपासणी तेथे सभा करते. इंग्लंडच्या एसपीजी या अँग्लिकन मिशनने दक्षिणेत कोल्हापूरला हात घातला खरा, पण या मिशनची मराठी मंडळी वाढली ती मुख्यतः अहमदनगरच्या बाजूस. कृष्णाकाठी अँग्लिकन मंडळी नाममात्रच राहिली.

तेव्हा सातारा-सांगलीच्या बाबतीत निष्कर्ष असा निघतो की आर्चडीकनाचा अंमल भूगोलाने नव्हे, तर पगारपत्रकाने ठरत होता. जेथे सरकारचा गोरा नोकर राहत होता किंवा पुरला जात होता तेथपर्यंत तो होता. मराठी ख्रिस्ती माणसाच्या दारापर्यंत तो आला नाही. यात कोणा आर्चडीकनाचा दोष शोधण्याचे कारण नाही, कारण पदच तसे बांधले गेले होते. परंतु ज्या महसुलातून ते पद पोसले जात होते, तो बहुतांशी हिंदू आणि मुसलमान रयतेचा होता, ही विसंगती भारतीय राजकारण्यांच्या नजरेतून सुटली नाही आणि धर्मखात्यावरील खर्चाविरुद्ध तक्रारी होत राहिल्या. तरीही १९३५ च्या भारत सरकार कायद्यात संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार यांच्या जोडीला धर्मखाते हा विषय गव्हर्नर-जनरलाच्या राखीव अधिकारात ठेवला गेला, आणि त्यावरील वार्षिक खर्चाला, निवृत्तिवेतने सोडून, ४२ लाख रुपयांची मर्यादा घालण्यात आली. कायदेमंडळाला ज्यावर मत देता येत नव्हते, अशा मोजक्या खर्चांत पाद्र्यांचे पगार असावेत, याचा राग त्या काळी येणे स्वाभाविक होते.

तोपर्यंत चर्चच्या बाजूने बदल होऊन चुकला होता. १९२७ च्या कायद्यान्वये १ मार्च १९३० रोजी भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या राजसत्तेपासून कायद्याने वेगळे झाले. बिशप निवडण्याचा अधिकार चर्चला मिळाला, आणि आर्चडीकन पुन्हा त्याच्या मूळ नात्यात, म्हणजे बिशपाचा सहायक या नात्यात, आला. धर्मप्रांतही लहान झाले: १९०३ मध्ये नागपूर आणि १९२९ मध्ये नाशिक हे स्वतंत्र झाले. स्वातंत्र्याबरोबर सरकारी धर्मखाते गुंडाळले गेले. १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण सातारा १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला. म्हणजे ज्या हद्दींनी एकेकाळी आर्चडीकनाची कक्षा ठरवली होती, त्या हद्दीच पुसल्या गेल्या.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि त्यात सहा परंपरा एकत्र आल्या. अँग्लिकनांबरोबरच प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांचे १९२४ मध्ये झालेले संयुक्त चर्चही त्यात आल्यामुळे सातारा, वाई, सांगली आणि मिरज येथील जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या बिशपांच्या व्यवस्थेत प्रथमच आल्या. मधल्या पिढ्यांत आर्चडीकनाची तपासणी त्यांनी कधी अनुभवली नव्हती; त्यांच्याकडे होत्या त्या पंचांच्या सभा, मंडळीची मते आणि मिशनच्या शाळा-दवाखान्यांचे हिशेब. म्हणून या दोन जिल्ह्यांच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने लंडनमधील नक्कलबुकांवर विसंबून राहू नये. त्यांत महाबळेश्वरच्या थडग्यांखालची माणसे सापडतील. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या मराठी मंडळ्या शोधायच्या असतील तर अमेरिकन मिशनच्या वार्षिक अहवालांकडे आणि मंडळ्यांच्या स्वतःच्या वह्यांकडेच वळावे लागेल, आणि त्या वह्या ओल व वाळवीपासून वाचवण्याचे काम आधी हाती घ्यावे लागेल.